पेपरात मध्यान्हाची वेळही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दर मे महिन्यात तुमच्या पेपरात शून्य सावली दिवसाची, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोब्बर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते त्या दिवसाची, बातमी येते. आधी कोल्हापूर, मग सातारा, पुणे, मुंबई अशी तारीख वर वर सरकत जाते आणि सोबत भर उन्हात उभ्या केलेल्या एखाद्या बाटलीचा नाहीतर पोरांचा फोटो असतो. बातमी चांगलीच असते, मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे कापूनही ठेवतो. पण यंदा साताऱ्यात १० मेच्या आसपास गच्चीवर स्वतःची सावली पायाखाली गेलेली बघितली आणि लगेच मेलबर्नला पुतण्याकडे जायचा योग आला, आणि तिथे जे बघितलं त्यावरून तुमच्याकडे एक मागणं आहे म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कात्री लावायची तर विमानाच्या भागाला लावा.

विमान मुंबईहून रात्री उशिरा, सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, तिथे बदलून पुढे मेलबर्नपर्यंत आणखी साडेसात तास. पहिल्या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, गुडघे आणि पुढची सीट यांचं भांडण चालू होतं एवढंच. दुसरा टप्पा मात्र दिवसाचा होता आणि मला खिडकी मिळाली होती. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम दीडशे किलोमीटर, म्हणजे विमान नीट वर चढतंय न चढतंय तोवर आपण दक्षिण गोलार्धात. आयुष्यभर फळ्यावर आडवी रेघ मारून ०° लिहिलं आणि ती ओलांडली तेव्हा आजूबाजूचे सगळे ऑम्लेट खात होते, कुणी काही अनाऊन्स वगैरे केलं नाही. मी आपला हिला कोपर मारून सांगितलं, ती म्हणाली बरं, आता झोपा.

झोपतोय कसला. ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा लागला आणि त्यानंतर तीन तासांहून जास्त वेळ खाली फक्त लाल जमीन. ग्रेट सँडी डेझर्टमधल्या वाळूच्या टेकड्या समांतर रांगांत असतात असं वाचलेलं होतं, वरून बघितलं तर कुणीतरी फणी फिरवल्यासारख्या रेघा, मध्येच पांढरं कोरडं मिठाचं तळं, ना रस्ता ना गाव. भारताच्या दुपटीहून मोठा देश आणि माणसं पावणेतीन कोटी, हे वाक्य पोरं पाठ करतात, मीही करूनच घेतलं, पण त्याचा अर्थ तीन तास खिडकीला नाक लावल्यावर कळतो.

उतरल्यावरचा कस्टमचा भाग साताऱ्याच्या लोकांसाठी मुद्दाम लिहितो. विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात खाण्याचं काही आणलंय का असा सरळ प्रश्न असतो. तिथे गुपचूप ‘नाही’ लिहायचं नाही. आम्ही ‘हो’ लिहिलं, वेगळ्या रांगेत गेलो, अधिकारी बाईंनी गोडा मसाला, मेतकूट, चिवडा एकेक पाकीट वर धरून बघितलं, मेतकूट म्हणजे काय ते हिने हातवारे करून सांगितलं, आणि सगळं परत दिलं. आमच्या पुढचे एक काका मात्र पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले होते, तो गेला. दुधाची मिठाई आपल्याकडून तिकडे चालतच नाही, गुरांच्या लाळ्या खुरकतीच्या रोगाची त्यांना धास्ती आहे. काकांनी लिहून दिलं होतं म्हणून नुसता बॉक्स गेला, लपवलं असतं तर जबर दंड बसतो. तेव्हा कंदी पेढे इथेच खाऊन जा.

वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. तिकडे सकाळचे सात म्हणजे शरीराच्या हिशोबाने रात्रीचे अडीच, त्यामुळे पहिले काही दिवस सकाळी चहाही नकोसा आणि रात्री बारा वाजता टक्क जाग. त्यात वैशाख वणव्यातून उठून एकदम थंडीत, झाडांची पानं लाल पिवळी होऊन फुटपाथवर पडलेली, सूर्य सव्वासातला उगवणार आणि सव्वापाचला गुल.

पण खरी गंमत वेगळीच. पहिल्या दुपारी पुतण्याच्या मागच्या अंगणात उभा राहिलो, तर सूर्य उत्तरेला! उत्तरेला म्हणजे चांगलाच उत्तरेला, खाली कललेला, तिकडे तोंड केलं तर पूर्व उजव्या हाताला, म्हणजे सूर्य उजवीकडून डावीकडे चाललाय. हे मी शिकवलेलं आहे, प्रश्नपत्रिकेत विचारलेलं आहे, तरी डोक्यातला नकाशा काही केल्या बसेना. मग जिकडे तिकडे तेच दिसायला लागलं. घरांवरच्या सोलर पॅनलची तोंडं उत्तरेला, आपल्याकडे दक्षिणेला असतात. घर विकण्याच्या पाट्यांवर ‘नॉर्थ फेसिंग’ असं कौतुकानं लिहिलेलं, कारण हिवाळ्यात ऊन त्याच बाजूनं घरात येतं. वास्तुशास्त्रवाल्यांनी एकदा जाऊन यावं.

रात्रीचंही तसंच. चतुर्थी पंचमीची कोर होती, आपल्याकडे शुक्ल पक्षात चंद्राची उजवी बाजू उजळते, तिथे डावी. पुढे चंद्र मोठा झाल्यावर त्यातला ससासुद्धा डोक्यावर उभा. त्रिशंकूचा तारकासमूह साताऱ्यातून मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजाच्या जरा वर दिसतो, डोंगर आडवा आला की तेवढाही नाही, तिथे तो रात्री जवळपास डोक्यावर, त्यांच्या झेंड्यावर आहे तोच. आणि ध्रुव मात्र नाहीच. तिकडे मराठी लग्नं लागतात म्हणे, नवरीला ध्रुव कुठून दाखवतात ते भटजींनाच विचारायला हवं. (एका सहकाऱ्याने बेसिनमधलं पाणी उलटं फिरतं का बघून या असं सांगितलं होतं. तसं काही नसतं हो. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम चक्रीवादळावर होतो, बेसिनला तेवढी किंमत ती देत नाही.)

पुतण्याच्या मुलीच्या शाळेतही जाऊन आलो. त्यांचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात संपतं, चार टर्म. उन्हाळ्यात टोपी नसेल तर मैदानावर खेळायला सोडत नाहीत, कारण ऊन फार कडक आणि त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण मोठं. मी गेलो तेव्हा हिवाळा तोंडावर म्हणून टोप्या सुट्टीवर होत्या. उन्हाळा का येतो म्हणून विचारलं तर आपली निम्मी पोरं अजून ‘सूर्य जवळ येतो म्हणून’ असंच सांगतात. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, तेव्हा साताऱ्यात आपण शेकोटी पेटवतो आणि मेलबर्नकर घामाघूम असतात, हे एक उदाहरण दिलं की विषय संपतो, पण ते पुस्तकातून सांगणं वेगळं आणि तिथल्या वर्गातल्या पोरीनं फोनवर सांगणं वेगळं.

आता मुद्दा. २० मेच्या सुमारास अंगणात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी केली. तिथला मध्यान्ह, म्हणजे सूर्य सगळ्यात वर असण्याची वेळ, सव्वाबाराचा, तेव्हा सावली भरली १ मीटर ५९ सेंटिमीटर, दक्षिणेकडे. साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या दोन पोरांना व्हॉट्सअॅपवर काम लावलं होतं, त्यांनी साडेबाराला एवढ्याच काठीची सावली मोजली, ती ४ सेंटिमीटर, तीही दक्षिणेकडे. कागदावर त्रिकोण काढून काठीच्या टोकाशी होणारे कोन मोजले, एक साधारण ५८ अंश, एक सव्वादोन. दोन्ही सावल्या एकाच दिशेला, म्हणून वजाबाकी, ती साडेपंचावन्नच्या आसपास. सातारा विषुववृत्ताच्या वर पावणेअठरा अंश, मेलबर्न खाली पावणेअडतीस, बेरीज करून बघा. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने अलेक्झांड्रियात सावली मोजून पृथ्वीचा घेर काढला तो याच युक्तीनं, बावीसशे वर्षांपूर्वी, त्याच्याकडे व्हॉट्सअॅपही नव्हतं.

अडचण अशी की शून्य सावली मे महिन्यात येते तेव्हा शाळांना सुट्टी, आणि जुलै ऑगस्टमध्ये परत येते तेव्हा ढग. म्हणून मी म्हणतो २२ डिसेंबर धरा. शाळा चालू, आकाश स्वच्छ, सगळ्यात लहान दिवस. त्या दिवशी साताऱ्यात मीटरच्या काठीची सावली ८७ सेंटिमीटरच्या आसपास येईल, उत्तरेकडे, आणि मेलबर्नला फक्त २६, दक्षिणेकडे. मेच्या उलट, साताऱ्याची लांब आणि मेलबर्नची आखूड. हल्ली जवळपास प्रत्येक वर्गात एखाद्याचा काका आत्या ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडला नाहीतर दक्षिण आफ्रिकेत असते, एक फोन करायचा आहे, तिकडून येताना चॉकलेट मागवतोच ना आपण.

फक्त मध्यान्ह कधी हे शिक्षकाला माहीत पाहिजे. बहुतेक जण १२ वाजता पोरांना बाहेर काढतात आणि सावली भलत्याच दिशेला बघून परत आत नेतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं, आपण त्याच्या पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने गडचिरोलीचा आणि मुंबईचा मध्यान्ह यात जवळपास अर्ध्या तासाचा फरक पडतो. तुम्ही पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय सूर्यास्त देताच. दोन्हीच्या बरोब्बर मधली वेळ काढली की झालं, तेवढी एक ओळ प्रत्येक जिल्हा आवृत्तीत वाढवा, रोज जमत नसेल तर निदान डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तरी. आणि आकडे शाळांकडून मागवा, माझे मी पाठवतो, मेलबर्नचेही.

आपला,
एक भूगोल शिक्षक, सातारा