पंचोबाची पानं तुटायच्या आत

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : व्हिक्टोरिया राणीच्या काळातली राजकीय व्यंगचित्रं आणि त्यांवरचे सरकारी अहवाल एकत्र करून लोकांना खुले करण्याबाबत.

महोदय,

मी ठाण्याचा. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथालयात ‘हिंदी पंच’चा बांधीव खंड मागवला. पान उलटताना त्याचा कोपरा बिस्किटासारखा तुटून माझ्या हातात आला. तिथल्या माणसाने तुकडे गोळा करून पाकिटात ठेवले. पाकिटावर खंडाचं नाव नाही, पानाचा क्रमांक नाही. ते चित्र आता पुन्हा कधी पुरं होणार नाही, हे मला तिथेच कळलं आणि त्या दिवसापासून हे पत्र मनात आहे.

‘हिंदी पंच’ (हिंदी म्हणजे हिंदुस्थानी) हे मुंबईचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक. बर्जोरजी नवरोजी हे त्याचे संपादक आणि चित्रांखालच्या ओळी इंग्रजी व गुजरातीत. याच जातीचं लंडनचं साप्ताहिक ‘पंच’ 1841 साली निघालं. त्यातला लांब नाकाचा, कुबड आलेला मिस्टर पंच मुंबईला पोचला आणि इथे त्याचा झाला पंचोबा! विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या मुलखात त्याला दुसरं कुठलं नाव शोभलं असतं? लंडनला विल्यम स्टेड यांच्या ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’मध्ये जगभरची व्यंगचित्रं पुन्हा छापली जात, त्यांत या मुंबईकराचीही असत. लखनौला मुन्शी सज्जाद हुसेन यांनी 1877 साली ‘अवध पंच’ काढला, तो शिळाप्रेसवर छापला जाई. आमच्या ठाण्याहून मराठीत ‘हिंदुपंच’ निघत असे. मी हे शहर पायाखाली घातलेलं आहे, पण त्याची आठवण सांगणारी एक पाटीसुद्धा मला कुठे दिसली नाही.

या चित्रांत होतं काय, तर राज्यकर्त्यांचं हसं. ते करायची हातोटी मात्र अस्सल इथली. माझं आवडतं उदाहरण कलकत्त्याचं आहे. 1874 साली तिथे ‘बसंतक’ नावाचं बंगाली मासिक निघालं. त्या वेळी कलकत्त्याच्या म्युनिसिपालिटीचा कारभार सर स्टुअर्ट हॉग यांच्या हातात होता. हॉग म्हणजे इंग्रजीत डुक्कर. ‘बसंतक’च्या चित्रकाराने साहेबांना थेट वराहावतारात उभं केलं. दशावताराची चित्रं घरोघरी होती, त्यामुळे ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही हे चित्र एका नजरेत कळणार. इंग्रज अधिकाऱ्याला मात्र त्यात आधी देव दिसणार, मग डुक्कर, आणि मग स्वतःचं नाव. तक्रार करायची तर आपण डुकरासारखे दिसतो हे आधी कबूल करावं लागणार. वर्गात मुलांना व्यक्तिचित्र शिकवताना मी हे उदाहरण नेहमी सांगायचो. साधर्म्य नाकाडोळ्यांत शोधू नका, माणसाच्या वागण्यात शोधा, असं म्हणायचो.

दोन सालं शेजारी ठेवून पाहावीत अशी माझी विनंती आहे. एप्रिल 1876 मध्ये लंडनच्या ‘पंच’मध्ये जॉन टेनिएल यांनी पंतप्रधान डिझरायलींना अल्लाउद्दीनच्या गोष्टीतल्या फेरीवाल्याचा वेष चढवला. जुन्या मुकुटाच्या बदल्यात नवा घ्या, म्हणून ते राणीला हिंदुस्थानचा मुकुट देऊ करताहेत, असं ते चित्र. पुढच्या 1 जानेवारीला दिल्लीत दरबार भरला, राणी सम्राज्ञी झाली, तेव्हा दख्खन आणि मद्रास इलाखा दुष्काळात होरपळत होता. 14 मार्च 1878 रोजी व्हाइसरॉय लिटन यांनी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरचा कायदा एकाच बैठकीत पास करून घेतला. इंग्रजी पत्रं त्यातून वगळलेली होती. ‘अमृत बझार पत्रिका’ त्यापायी संपूर्ण इंग्रजी झाली. राणीच्या मुकुटावरचा विनोद लंडनला खपला, आणि राणीच्या राज्यातल्या मराठी-बंगाली माणसाच्या लेखणीला मात्र कुलूप लागलं. पुढचे व्हाइसरॉय रिपन यांच्या काळात तो कायदा गेला, पण 1870 साली दंडसंहितेत घातलेलं राजद्रोहाचं 124अ कलम राहिलं. त्यात बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा यांच्यासोबत ‘दृश्य प्रतिरूपण’ही होतं. थोडक्यात, चित्रकार पहिल्या दिवसापासून त्या कलमाच्या टप्प्यात होता.

1897 साली मुंबई हायकोर्टात लोकमान्यांवर याच कलमाखाली खटला चालला, तेव्हा ‘केसरी’त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविताही पुराव्यात होती. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष. शिक्षा 18 महिन्यांची. सरकारबद्दल प्रीती नसणं म्हणजेच कलमातली अप्रीती, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी लावला. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त करून ती पकड आणखी घट्ट केली गेली. रूपकातली कविता तुरुंगात नेऊ शकते हे दिसल्यावर प्लेगच्या त्या दिवसांत मुंबईच्या चित्रकाराने कुंचला कसा उचलला असेल? किती रेषा पुसल्या असतील? साहेबाचं नाक किती लांब ठेवायचं याचा हिशेब त्याने कसा केला असेल? चित्र काढणाऱ्या माणसाला हे प्रश्न झोपू देत नाहीत, आणि त्यांची उत्तरं त्या मूळ पानांतच आहेत.

एक मात्र सांगायला हवं. ‘हिंदी पंच’ क्रांतिकारक नव्हता. तो मवाळ होता, काँग्रेसच्या बाजूचा आणि राणीशी एकनिष्ठ. म्हणून त्याला कमी लेखणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. निष्ठेची भाषा न सोडता अंमलदाराचा मुखवटा काढायचा, हे काम फार अवघड आहे.

आता मुद्द्यावर येतो. मुंबई सरकार दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांवर गोपनीय अहवाल तयार करत असे. त्यात पत्राची भाषा आणि खप लिहिलेला असे. पुढेपुढे तर संपादकाचं नाव, जात आणि वयही येऊ लागलं. मजकुराचा इंग्रजी गोषवारा देत, आणि व्यंगचित्र असलं की अनुवादक ते शब्दांत उतरवून काढे: कोण उभा आहे, हातात काय आहे, खाली काय लिहिलं आहे. वरच्या साहेबाला चित्र कळावं म्हणून एका हिंदी माणसाने केलेलं ते वर्णन! चित्र बघणारा पहिला वाचक सरकारचा नोकर होता आणि त्याने काय पाहिलं हे आपल्यापाशी लिहून ठेवलेलं आहे. चित्रकाराला याहून मोठं धन कुठलं मिळणार?

पण वर्णन एकीकडे आणि चित्र दुसरीकडे अशी आज स्थिती आहे. फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख संचालनालय आपल्या खात्याकडे आहे. सार्वजनिक ग्रंथालयं उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आहेत. काही खंड खाजगी संस्थांत आणि पारसी घरांत असतील. ही कपाटं कोणीतरी एकदा एका यादीत आणायला हवीत, आणि तो अधिकार आपल्या हाती आहे.

माझी मागणी साधी आहे. दोन्ही खात्यांचा मिळून एक लहान गट नेमावा. ‘हिंदी पंच’, ‘हिंदुपंच’ आणि त्यांच्यासारख्या नियतकालिकांचे अंक राज्यात कुठे कुठे आहेत याची यादी करावी. जे पान मोडायला आलं आहे ते आधी स्कॅन व्हावं. प्रत्येक चित्रासमोर त्या आठवड्याच्या अहवालातलं वर्णन आणि मराठी अनुवाद असावा, आणि हे सगळं कुठल्याही विद्यार्थ्याला परवानगीपत्राशिवाय घरी बसून पाहता यावं. कॉपीराइटची मुदत त्या चित्रांपुरती केव्हाच संपली आहे. गुजराती वाचणारी माणसं मुंबईत मुबलक आहेत.

‘दृश्य प्रतिरूपण’ हे शब्द आजच्या भारतीय न्याय संहितेच्या 152व्या कलमातही आहेत. कायदा आपल्या खात्याचा विषय नाही, हे मला ठाऊक आहे. पण हे शब्द पहिल्यांदा कोणासाठी आणि कशाच्या भीतीने लिहिले गेले, हे आजच्या मुलांना चित्रं समोर ठेवून दाखवता येईल.

मी गुजराती वाचतो, डोळे अजून शाबूत आहेत आणि वेळ भरपूर आहे. यादीच्या कामाला आठवड्याचे तीन दिवस विनामोबदला यायला मी तयार आहे. सुरुवात त्या पाकिटापासून करावी म्हणतो. तुकडे कुठल्या पानाचे आहेत ते मला आठवतं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, ठाणे