बेगलची जागा फ्रिजमध्ये नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत उरलेलं अन्न टिकवण्याबद्दल लेख आला होता. वाटणं, चटण्या, उसळी यांच्याबद्दलचं त्यातलं सगळं पटलं. पण शेवटच्या परिच्छेदात ब्रेड, बेगल (मधे भोक असलेला, कडीसारखा पाव) वगैरे हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत म्हणजे ताजे राहतात असं लिहिलं आहे, ते वाचून राहवलं नाही. बाहेर ओट्यावर बेगल जेवढ्या वेळात शिळा होतो, त्याच्या कितीतरी आधी तो फ्रिजमध्ये शिळा होतो.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि इथल्या एका बेगलच्या दुकानात पहाटेच्या पाळीला काउंटर सांभाळते. या भागात मराठी घरं पुष्कळ. शनिवार-रविवारी सकाळी फोनवरून डझनाची ऑर्डर येते, डझनाला तेरावा बेगल वर मिळतो आणि पिशवी दारात पोचते. मंडळाच्या नाटकाची तालीम असली की मोठा खोका जातो. चार माणसांच्या घरात तेरा बेगल एका सकाळी संपत नाहीत. उरलेले पिशवीसकट फ्रिजमध्ये सरकवले जातात आणि सोमवारी दुकानात कुणीतरी विचारतं, ‘काकू, कालचे बेगल पार वातड झाले हो, पीठ बदललंत का?’ पीठ तेच असतं. आता मुंबई-पुण्यातही बेगल घरपोच मिळायला लागले आहेत, म्हणून हे मुद्दाम इतक्या लांबून लिहिते आहे.

न्यू यॉर्क पद्धतीच्या साध्या बेगलमध्ये असतं काय, तर भरपूर प्रथिनांचं गव्हाचं पांढरं पीठ, पाणी, यीस्ट, मीठ आणि थोडं माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा गोडसर अर्क. लोणी नाही, दूध नाही, अंडं नाही. पाणीही बेताचंच, त्यामुळे गोळा इतका घट्ट की हाताने वळताना मनगटं भरून येतात. वळलेली कडी रात्रभर थंडीत ठेवतात, सकाळी उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडतात आणि मग भट्टीत. त्या उकळीत वरच्या थरातला स्टार्च शिजून पातळ, चकचकीत कातडी धरते. ती आतल्या पिठाला फार फुगू देत नाही, म्हणून बेगल आतून दाट राहतो आणि दाताखाली ताणला जातो. लोक पैसे मोजतात ते याच दोन गोष्टींसाठी. नेमक्या त्याच दोन गोष्टी दुकानातून घरी येईपर्यंत आणि आल्यावर सांभाळणं अवघड जातं. उघडा ठेवला तर आतला भाग सुकतो, बंद ठेवला तर कातडी सादळते.

शिळं होणं म्हणजे वाळणं, असा बहुतेकांचा समज आहे. तसं असतं तर हवाबंद डब्यात बेगल ताजाच राहिला असता. झां-बातिस्त बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिलं की आतलं पाणी उडू न देता बंद करून ठेवलेला पावही शिळा होतो, आणि तो साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवला की पुन्हा मऊ होतो. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, सैल होतो. गार झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा जवळ येऊन ओळीने घट्ट बसायला लागतात, आणि हे काम गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे घरातल्या फ्रिजच्या चारेक अंशांवर, फार वेगाने चालतं. फ्रिजमधला कालचा भात आठवा. झाकण घट्ट असतं, भातातलं पाणी कुठे गेलेलं नसतं, तरी शीत न् शीत टणक. वाफ दिली की परत मऊ. बेगलचं अगदी हेच होतं, आणि लवकर होतं, कारण त्याला आवर घालणारा स्निग्धांश त्यात जवळजवळ नसतो.

सुपरमार्केटमधल्या पाकीटबंद बेगलची गोष्ट वेगळी. त्यांच्या पाकिटावर मोनोग्लिसराइड, एन्झाइम, कॅल्शियम प्रोपिओनेट अशी नावं वाचायला मिळतात. मऊपणा लांबवायला आणि बुरशी रोखायलाच ती घातलेली असतात. मी लिहिते आहे ते त्याच सकाळी भट्टीतून निघालेल्या बेगलबद्दल.

पिशवी दारात आली की पहिलं काम ती उघडायचं. बेगलला हात लावून बघा. कोमट लागला तर तो अजून वाफ सोडतो आहे. प्लास्टिकच्या पिशवीला आतून त्या वाफेचे थेंब धरतात, ते परत बेगलवर उतरतात आणि बघता बघता चकचकीत कातडी ओलसर, सुरकुतलेली, बोट लावलं तर निघून येईल अशी होते. भट्टीतला बारा तासांचा खटाटोप त्या पिशवीत अर्ध्या तासात वाया जातो, याचं मला फार वाईट वाटतं. बेगल जाळीवर सुटे मांडा, एकमेकांना टेकू देऊ नका, पूर्ण गार होऊ द्या. त्या दिवशी खायचे असतील ते कागदी पिशवीत, तोंड दुमडून, ओट्यावरच राहू द्या. संध्याकाळपर्यंत काही होत नाही.

मग निवडानिवड. मिठाच्या बेगलवर जाड मिठाचे खडे असतात. ते हवेतली आणि बेगलमधलीही ओल ओढतात, विरघळतात आणि वरचा भाग चिकट, चट्टे पडलेला होतो. तो आल्याबरोबर खावा, साठवायच्या वाटेला जाऊच नये. कांद्याचे, लसणाचे आणि ‘एव्हरीथिंग’, म्हणजे तीळ, खसखस, कांदा, लसूण असं सगळंच वर लावलेले, वेगळे काढा. त्यांचा वास एका रात्रीत दालचिनी-मनुकांच्या बेगलला लागतो आणि मग मुलं तो तोंडात घेत नाहीत. दुकानात त्यांच्यासाठी वेगळी पिशवी मागून घ्यावी. माझ्या काउंटरवर असाल तर मागावी लागत नाही.

उरलेले सगळे त्याच दिवशी फ्रीझरमध्ये. उद्या बघू म्हणून ठेवू नका, कारण फ्रीझर शिळेपणा थांबवतो, मागे नेत नाही. जसा आत गेला तसाच बाहेर येतो. उणे १८ अंशांला स्टार्चची ती हालचाल जवळपास बंद पडते. गोठवायच्या आधी बेगल आडवा कापून घ्या. दातेरी सुरी हवी. बेगल पाटावर सपाट ठेवायचा, वरून तळहात टेकायचा, बोटं वर उचललेली, आणि सुरी पाटाला समांतर चालवायची. हातात उभा धरून कापताना तळवा चिरून घेणारे इथे कमी नाहीत, आणि गोठलेल्या बेगलवरून तर सुरी हमखास निसटते. दोन्ही फाका पुन्हा जोडून प्रत्येक बेगल प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळा, मग सगळे झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा. महिनाभर चांगले राहतात. पुढे कडेने बर्फाचा भुसा धरायला लागतो आणि चव जाते.

‘गोठवलेलं ते ताजं कसलं?’ असं म्हणणारे आमच्याकडे रोज येतात, त्यांना मी न्यू हेवनची हकिगत सांगते. हॅरी लेंडर यांनी १९२७ मध्ये कनेक्टिकटमधल्या त्या गावात बेगलची बेकरी काढली. रविवारी सकाळी सगळ्यांनाच एकदम बेगल हवे असत. ती गर्दी निभावायला १९५०च्या दशकात त्यांच्या घरच्यांनी आठवडाभर भाजून गोठवून ठेवायला सुरुवात केली, आणि पुढे गोठवलेल्या रूपातच बेगल अमेरिकेतल्या गावोगावी पोचला. त्याआधीचा बेगल म्हणजे रोजचा रोज खपायचा माल. डिसेंबर १९५१ मध्ये न्यू यॉर्कच्या बेगल बेकऱ्यांत मालक-कामगार वाद पेटला, ३४ पैकी ३२ बेकऱ्या बंद पडल्या आणि शहरात बेगल मिळेनासे झाले. माँट्रियलचा बेगल आणखी वेगळा, मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजलेला, बारीक कडीचा. तो तर आणखी लवकर टणक होतो. तरी २००८ मध्ये ग्रेग शमिटॉफ या अंतराळवीराने तिथल्या फेअरमाउंट बेकरीतले १८ तिळाचे बेगल अंतराळ स्थानकावर नेले होते. बेगल लांब नेता येतो. नेण्याची रीत पाळली पाहिजे एवढंच.

आता गरम करण्याबद्दल. कापून गोठवलेली फाक फ्रीझरमधून थेट टोस्टरमध्ये घाला, आधी बाहेर काढून ठेवायची गरज नाही. अख्खा बेगल असेल तर ओट्यावर तासाभरात सुटू द्या, मग नळाखाली दोन्ही बाजूंनी क्षणभर ओला करा आणि १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनच्या जाळीवर पाच-सात मिनिटं ठेवा. वरचं पाणी कातडीला पुन्हा तजेला देऊन उडून जातं, आतला स्टार्च सैल होतो. ओव्हन नसेल तर जाड तवा मंद आचेवर तापवावा, पाण्याचा हात फिरवलेला बेगल त्यावर ठेवून झाकण घालावं, दोन-तीन मिनिटांनी उलटावा आणि शेवटी झाकण काढून कातडी सुकू द्यावी. तव्यावरचा बेगल मला स्वतःला ओव्हनपेक्षा आवडतो, खालची बाजू खरपूस होते. मायक्रोवेव्हचं मात्र नाव काढू नका. पहिल्या घासाला मऊ लागतो, पण आतलं पाणी वाफ होऊन गेलेलं असतं आणि चहा संपेपर्यंत तो चामट होतो. आणि एक, गरम केलेला बेगल त्याच बैठकीत संपवायचा. हा मऊपणा तासाभराचा असतो, दुसऱ्यांदा तापवून तो तसा परत येत नाही.

महाराष्ट्रातल्या घरांची अडचण मला ठाऊक आहे. पावसाळ्यात मुंबईत ब्रेड बाहेर ठेवला तर दोन दिवसांत बुरशी दिसते, म्हणून हात आपसूक फ्रिजकडे जातो. फ्रिज बुरशीला लांबवतो हे खरंच आहे. पण फ्रीझर बुरशीही थांबवतो आणि शिळेपणाही. एकदारी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मटार आणि बर्फाच्या ट्रे यांतून जागा काढावी लागेल, आणि तिथली थंडी कमी पडते म्हणून महिन्याऐवजी आठवडा-दहा दिवसांत संपवावे लागतील. वीज जाऊन बेगल सुटले तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी तव्यावर टाका. एवढं करूनही एखादा टणक झालाच तर त्याच्या पातळ चकत्या करून, तेलाचा हात लावून, मंद आचेवर कुरकुरीत भाजाव्यात. चहाबरोबर छान लागतात, फेकावं काही लागत नाही.

बेगल घरपोच देणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या बेकरीवाल्यांनाही आपल्या पत्रातून विनंती करते. बेगल गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका, सकाळचा माल प्लास्टिकमध्ये बांधू नका, कांद्या-लसणाचे वेगळे द्या आणि पिशवीवर भाजल्याची वेळ लिहा. वेळ कळली तर ग्राहकाला आज खायचे किती आणि गोठवायचे किती ते ठरवता येतं. आणि पुरवणीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी जरूर छापावी.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक,
एडिसन, न्यू जर्सी