चोरीनंतर घरात उरतो तो संशय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बंद घराचा कडी-कोयंडा तोडला, कपाट उचकटले, लाखोंचा ऐवज लंपास, अज्ञात चोरट्यांवर गुन्हा दाखल. घरफोडीची बातमी बहुधा एवढ्यावर संपते. त्या घरातली खरी पडझड मात्र त्यानंतर सुरू होते. ऐवजाच्या रकमेत ती कुठेच धरलेली नसते. शिवाय तिच्यातला बराच भाग चोराने केलेला नसतो; तो चोरीनंतर घरचे आणि शेजारीपाजारी जसे वागतात त्यातून होतो. म्हणजे तो टाळताही येतो, आणि त्यासाठीच हे पत्र.

पोलिस पोहोचण्याआधीच घरात एक वाक्य उच्चारले जाते : "चोर थेट त्याच कप्प्याकडे गेला, म्हणजे कोणीतरी माहितगारच असणार." ऐकायला पटते, पण तर्क कच्चा आहे. मौल्यवान वस्तू ठेवण्याच्या आपल्या सगळ्यांच्या जागा ठरलेल्या असतात : झोपण्याच्या खोलीतले कपाट, कपड्यांच्या घड्यांखाली, गादीखाली, एखाद्या जुन्या डब्यात. चोरालाही हे ठाऊक असते, म्हणून तो आधी झोपण्याच्या खोलीत शिरतो. घरफोडीची शिक्षा झालेल्यांशी बोलून जे अभ्यास झाले, त्यांत घर हेरण्याच्या खुणाही त्याच त्याच आल्या आहेत : आत कोणी आहे का, दार रस्त्यावरून किंवा शेजारून दिसते का, निसटायला वाट आहे का. दाराशी साचलेली पत्रे, दिवसाढवळ्या जळणारा दिवा, बाहेरून लटकणारे कुलूप एवढी माहिती त्याला पुरते. ती पुरवायला घरभेदी लागत नाही.

तरीही बोट जाते ते कामाला येणाऱ्या बाईंकडे, गेल्या आठवड्यात येऊन गेलेल्या सुताराकडे, नाहीतर घरातल्याच 'वाया गेलेल्या' पोराकडे. माहितीतल्या माणसाने चोरी केली असे घडत नाही असे नाही. पण संशय असेल तर तो तपास अधिकाऱ्याला एकट्याला, कारणासह सांगावा आणि तिथेच थांबावे. समोरासमोर विचारणा केली तर दोन्हीकडून नुकसान होते. माणूस निर्दोष असेल तर तो कायमचा दुखावतो, बाकीच्या घरांतले त्याचे काम सुटते आणि पुढे खरा चोर सापडला तरी त्याची माफी मागायला कोणी जात नाही. तो दोषी असेल तर माल हलवायला त्याला वेळ मिळतो. घाबरलेल्या अवस्थेत माणसे स्वतःच लपवलेली वस्तू विसरतात आणि ती महिन्याने दुसऱ्याच कप्प्यात सापडते, हेही ध्यानात ठेवावे.

माणूस चोरी का करतो, याचे 'गरिबी' हे एका शब्दातले उत्तर फार तोकडे आहे. बहुतेक गरीब माणसे आयुष्यभर चोरी करत नाहीत, आणि भरल्या घरची माणसेही करतात. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की असा गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात : करायला तयार असलेला माणूस, घेण्याजोगी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी. यातली संधी किती मोठे काम करते, याचे उत्तम उदाहरण पश्चिम जर्मनीचे आहे. तिथे १९८० मध्ये विनाहेल्मेट मोटारसायकलस्वारांना जागीच दंड सुरू झाला. हेतू फक्त अपघातातली डोकी वाचवण्याचा होता. पण त्या वर्षी दीड लाखाच्या आसपास असलेल्या मोटारसायकलचोऱ्या १९८६ पर्यंत ५४ हजारांवर आल्या. उभी गाडी पाहून तिथल्या तिथे मोह होणाऱ्याजवळ हेल्मेट नसते आणि त्याशिवाय निघाला तर पहिल्याच चौकात अडवला जातो. कार आणि सायकलींच्या चोऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. म्हणजे यातले बरेच जण 'कुठे ना कुठे चोरी करणारच' असे नव्हते.

संधी मिळाली तरी आधी मनाची समजूत घालावी लागते. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये या समजुतींची मांडणी केली. कामाच्या ठिकाणी त्या रोज कानावर पडतात : "एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो", "सगळेच करतात", "माझी मेहनत बुडवतात, मी माझेच घेतले", "परत ठेवणारच होतो". 'परत ठेवणारच होतो' म्हणणारा बहुधा खोटे बोलत नसतो. पहिल्या वेळी त्याला ते खरेच वाटत असते. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी विश्वासाच्या जागेवरून पैसे लांबवलेल्या कैद्यांशी बोलून १९५३ मध्ये जे लिहिले, त्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या माणसांना अशी काही आर्थिक अडचण होती, जी ते कोणाला सांगू शकत नव्हते. जुगारातले देणे, बुडालेला धंदा, घरी लपवलेले कर्ज. अडचण सांगता येत नाही म्हणून मदत मागता येत नाही, आणि हाताशी असलेले दुसऱ्याचे पैसे हीच एक वाट दिसते.

याच न सांगितलेल्या अडचणीतून होणारी एक चोरी कुठल्याच नोंदवहीत येत नाही : घरातल्याने घरात केलेली. दारू, अमली पदार्थ किंवा मोबाइलवरचा जुगार मागे असला की तिचा क्रम साधारण सारखा असतो. आधी पाकिटातली सुटी रक्कम, मग रोज न लागणाऱ्या वस्तू, मग आईचा किंवा आजीचा एखादा दागिना, आणि शेवटी घरच्यांच्या नावावर परस्पर उचललेले कर्ज. घर मात्र पहिल्या पायरीवर 'माझीच मोजण्यात चूक झाली असेल' म्हणते आणि शेवटच्या पायरीवर अब्रूसाठी देणी गुपचूप फेडते. ही गुपचूप फेड हीच सर्वांत महागात पडते. देणे फिटले की जुगाऱ्याचा हात पुन्हा मोकळा होतो. देणी फेडायचीच असतील तर ती एका कागदावर सगळी लिहून, उपचार सुरू झाल्यावर, पैसे त्याच्या हाती न देता थेट देणेकऱ्याला द्यावीत. घरातल्या प्रत्येक बँक खात्याला व्यवहाराची सूचना लावावी, कार्डाचे पिन आणि फोनचे पासवर्ड बदलावेत, दागिने काही काळ लॉकरमध्ये हलवावेत. हा अविश्वास नाही. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यासमोर मोह न ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

लहान मुलांचे निराळे असते. पाच-सहा वर्षांच्या आत 'माझे' आणि 'दुसऱ्याचे' यांतली रेघ पक्की झालेली नसते. तिथे चोरी हा शब्दच वापरू नये. मोठ्या मुलाने काही उचलले तर त्याच्यासोबत जाऊन वस्तू परत करावी, मोडली असेल तर भरपाई त्याच्या साठवलेल्या पैशांतून करावी. चारचौघांत मारणे, 'चोर' म्हणून हाक मारणे यातून ते पुढच्या वेळी नीट लपवायला शिकते. आणि पैसे पुन्हापुन्हा जात असतील तर आधी शांतपणे विचारावे, "तुझ्याकडे कोणी मागतंय का?" मोठ्या मुलांच्या धमकीने घरातले पैसे नेणारी मुले असतात, त्यांना मार मिळाला की ती दोन्हीकडून कोंडीत सापडतात. क्लेप्टोमेनिया हा विकार खरा आहे, पण दुर्मीळ. त्यात वस्तूची गरज नसते, आधी असह्य ताण असतो, उचलताना सुटका वाटते आणि मग लाज. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवा. उतारवयात, कधीच न करणारी व्यक्ती दुकानातून वस्तू उचलू लागली तर मेंदूची तपासणी करून घ्यावी. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हे सुरुवातीचे लक्षण असते.

आता ज्यांचे गेले त्यांच्याकडे. घरफोडीच्या परिणामांवर इंग्लंडमध्ये १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार ते दहा आठवडे उलटल्यानंतरही सुमारे दोन-तृतीयांश लोक त्याच्या छायेत होते. परक्या हाताने चाळलेले कपाटातले सगळे कपडे धुवायला काढणे, रात्री चार वेळा उठून कडी पाहणे, मुलाने एकट्याने झोपायला नकार देणे, म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर पडणेच सोडणे हे सगळे नेहमीचे आहे. 'एवढे काय झाले, जिवावर तर बेतले नाही' म्हणून ते कमी होत नाही. कडी पाहायची तर घरातल्या एकाने झोपण्यापूर्वी एकदा पाहावी आणि मोठ्याने सांगावे. मुलाने विचारले, चोर परत येईल का, तर 'नाही' असे खोटे वचन देऊ नये. दुरुस्त केलेली खिडकी दिवसा दाखवावी, नवे कुलूप त्यालाच लावायला द्यावे. महिना उलटूनही झोप, भीती, चिडचिड तशीच राहिली तर समुपदेशकाकडे जावे. हातावर पोट असलेल्याचे नुकसान तर वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट असते. सुताराची हत्यारांची पेटी गेली की नवी हत्यारे येईपर्यंतची मजुरी गेली आणि घेतलेले कामही दुसऱ्याकडे गेले.

चोरी कळल्यावर पहिल्या काही तासांतला क्रम फार महत्त्वाचा. आत कोणी असण्याची शंका असेल तर घरात पाऊल टाकू नये. दाराची मूठ, कपाटाची दारे, खाली पडलेले डबे यांना हात लावू नये, झाडलोट करू नये. ठसे तिथेच असतात. पंचनामा होण्याची वाट पाहताना आधी बँकेची कार्डे बंद करावीत, फोन गेला असेल तर सिम बंद करावे, मग ई-मेलचा पासवर्ड बदलावा. इतर खात्यांच्या आधी ई-मेल, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच्यामार्फत बदलता येतात. फोनची ओळख पटवणारा १५ आकडी आयएमईआय क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर मिळतो. आज फोन हातात आहे तोवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून तो वहीत उतरवून ठेवावा. गेलेल्या वस्तूंची यादी पहिल्या दिवशी कधीच पूर्ण होत नाही. तसे फिर्यादीतच नमूद करावे आणि नंतर लक्षात आलेल्या वस्तू पुरवणी जबाबात द्याव्यात. दागिन्याचे नुसते वजन लिहून भागत नाही. जुन्या समारंभातला तो अंगावर असलेला फोटो, झीज, डागणीची खूण यांवरच ओळख पटते.

आणि दार दुरुस्त व्हायला आठवडा लावू नये. एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो, कारण चोराला आतली वाट आणि राहून गेलेल्या वस्तू माहीत असतात. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरातल्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात याच एका गोष्टीवर जोर दिला गेला : नुकत्याच फुटलेल्या घरांची दारे-खिडक्या लगेच पक्की केली आणि लगतच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाल्या. कुलूप महागडे आणि कोयंडा चार छोट्या स्क्रूंवर, अशी बहुतेक दारांची स्थिती असते. जोर बसला की कुलूप शाबूत राहते आणि कोयंडा लाकडासकट निघतो. कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर ते काढून आरपार बोल्ट टाकावेत, नट आतल्या बाजूला. किल्ल्यांचा जुडगा गेला असेल तर कुलूपच बदलावे.

स्वस्तात मिळणारा, बिल नसलेला फोन किंवा सायकल विकत घेणारा या साखळीतला शेवटचा हात आहे. विकलाच गेला नाही तर बहुतेक माल चोरून उपयोग नसतो.

आपल्याकडून अपेक्षा अशी. बातमीत घराचा नेमका पत्ता आणि कुटुंब कधीपर्यंत बाहेरगावी आहे हे छापू नये. 'सुदैवाने तिजोरी चोरट्यांच्या नजरेतून सुटली' असली माहिती तर मुळीच नको. दुसऱ्या फेरीसाठी ती आयती सोय होते. 'घरच्यांचा निष्काळजीपणा नडला' हे वाक्य गाळावे. चौकशीला बोलावलेल्या कामगाराचे नाव, फोटो, त्याच्या मुलांची शाळा छापू नये, आणि नाव छापून गेलेच असेल तर तो सुटल्याची बातमी त्याच पानावर, तेवढ्याच आकारात यावी. पोलिसांनी मुद्देमाल हस्तगत केल्यावर फक्त एकूण किंमत येते. त्याऐवजी वस्तूंचे प्रकार आणि ओळख पटवण्यासाठी कोणती कागदपत्रे घेऊन कुठे जायचे, एवढे चार ओळींत द्यावे. मालक न सापडल्याने पडून राहिलेल्या वस्तू त्यामुळे घरी जातील.

आपला,
एक नियमित वाचक