निधनवार्तेत न मावलेल्या सत्तेचाळीस वह्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझे वडील गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आपल्या दैनिकात निधनवार्ता आली : वय 81, कुटुंबवत्सल, हाडाचे शेतकरी, पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार. मजकूर मीच दिला होता आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नाही. तरी अंकाची घडी घालताना जीव चरकला. त्याच रकान्यात, त्याच दिवशी, आणखी दोघांच्या नावापुढे हेच शब्द होते. त्या दोघांना मी ओळखत नाही, पण तेही जन्मभर रानात राबलेले असणार. तिघांमधलं वेगळं काही वाचणाऱ्याला कळलं नसेल. आबांपुरतं तरी ते सांगावं म्हणून हे पत्र.

मी दुसरीत असताना आबांनी माझी फूटपट्टी मागून घेतली, ती परत दिली नाही. विहिरीजवळच्या खांबावर त्यांनी सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा बसवला होता. डब्याचं तोंड आणि बूड सारखं हवं, फुगीर डबा खोटं बोलतो, असं ते सांगायचे. पाऊस झाला की सकाळी त्यात पट्टी बुडवायची आणि आकडा वहीत उतरवायचा. 1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर, एकरभर रानावर चार हजार लिटरच्या आसपास पाणी, हा हिशेब शाळेत शिकवण्याआधी मला त्यांनी शिकवला. तेव्हापासून दर वर्षाची एक, अशा 47 वह्या झाल्या. त्या आता माझ्यासमोर आहेत.

या वह्यांमध्ये शेती आणि घर वेगळं काढता येत नाही. एकाच ओळीत ‘पाऊस 12. वरच्या तुकड्यात कुळवणी. थोरलीला चष्मा लागला.’ असं असतं. एका वर्षीची चार पानं मी परत परत वाचते आहे. धाकटीला न्यूमोनिया झाला होता आणि नेमका त्याच दिवसांत पेरणीजोगा पाऊस पडला होता. पहिल्या दिवशी लिहिलंय, ‘वाफसा आला. दवाखान्यात.’ दुसऱ्या दिवशी फक्त ‘दवाखान्यात.’ तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी, ‘ताप उतरला. वाफसा गेला.’ त्या वर्षी निम्मं रान पडीक राहिलं. पुढे कधीतरी मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही का वाटलं? म्हणाले, रान पुढच्या वर्षी तिथंच असतं. एवढंच बोलले आणि उठून बैलांना पाणी पाजायला गेले.

वाफसा म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. पाऊस उघडल्यावर जमीन धड ओलीही नाही आणि धड कोरडीही नाही अशी एक वेळ येते. आबा वीतभर खोल हात घालून मूठभर माती काढायचे, तिचा गोळा वळायचे आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचे. गोळा तसाच चेपून बसला तर अजून ओल जास्त. फुटून त्याचा रवा झाला की तिफण जुंपायची. घाई करून ओल्यात औजार घातलं तर ढेकळं होतात आणि ती पुढे हंगामभर छळतात. मात्र हा गोळा कुठल्या तुकड्यात कितव्या दिवशी फुटतो, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. आमच्या खालच्या तुकड्यात वरच्यापेक्षा दोन दिवस उशिरा फुटतो. ते आबांना माहीत होतं. आता वहीला माहीत आहे.

पेरणीआधी आम्हा बहिणींचं एक ठरलेलं काम असे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, ओल टिकवायची आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मोड आलेले मोजायचे. नव्वद निघाले तर आबा खूश. सत्तर निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं. एकदा विकत आणलेल्या पिशवीतले बावन्नच उगवले. विकणारा ऐकेना, तेव्हा आबांनी ती गुंडाळी नेऊन त्याच्यासमोर उलगडली आणि म्हणाले, माझ्या पोरींनी मोजलंय. पिशवी बदलून मिळाली. मला मात्र त्यातलं ‘माझ्या पोरींनी’ एवढंच आजवर आठवत राहिलं आहे.

हरभऱ्याचं रोप मुळासकट उपटून, माती धुऊन ते मुळावरची गाठ नखानं फोडून दाखवायचे. आत गुलाबी असेल तर गाठ कामाला लागलेली. कॉलेजात गेल्यावर मी त्यांना सांगितलं की या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू असतात, हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो आणि तो ते पिकाला मिळवून देतात. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत तो शब्द होता, थोडा चुकीच्या स्पेलिंगचा, पुढे माझं नाव.

चुकाही त्यांनी लपवल्या नाहीत. सुरुवातीच्या एका वहीत उताराच्या तुकड्याबद्दल लिहिलंय, ‘उताराला उभी नांगरट केली. माती वाहून ओढ्याला गेली. बांध फुटला. चूक माझी.’ पुढच्या वर्षीपासून तिथं नांगरट आणि पेरणी आडवीच.

संयुक्त राष्ट्रांनी 2014 हे वर्ष कौटुंबिक शेतीचं म्हणून पाळलं आणि पुढे 2019 ते 2028 हे दशकच त्यासाठी दिलं. मला त्याचं अप्रूप आहे. पण असं दशक चालू असताना रोज आपल्या रकान्यात दोन-तीन शेतकरी जातात आणि त्यांना ठाऊक असलेलं त्यांच्याबरोबर जातं. पिकाची माहिती विद्यापीठाकडे मिळेल. आमच्या खालच्या तुकड्याची कुठून मिळणार? म्हणून माझी विनंती अशी, की शेतकऱ्याच्या निधनवार्तेत घरच्यांना आणखी चार ओळी द्याव्यात. कुठलं बियाणं जपलं, काय पाहून पेरलं, कशात फसले. आठवड्यातून एकदा, एकाच माणसाविषयी छापलं तरी चालेल. आणि ज्यांचे आईवडील अजून रानात जातात त्यांनी कृपा करून वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं. मी पन्नाशी उलटेपर्यंत बसले नाही. वह्या आहेत म्हणून निभावलं, पण वहीला उलटून प्रश्न विचारता येत नाही.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. एका वर्षी सहा महिने अक्षर बदललेलं आहे. आबांचा उजवा हात मोडला होता; नोंदी आईच्या आहेत, पेरणीही तिचीच. म्हणून आता रोज संध्याकाळी मी आईजवळ बसते. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, की बियाण्याची मडकी आबांनी कधी भरलीच नाहीत. कडधान्यात भुंगा होऊ नये म्हणून राख किती मिसळायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते तिला ठाऊक होतं. अठ्ठेचाळिसाव्या वहीचं पहिलं पान तेच आहे.

आपली,
एका शेतकऱ्याची थोरली मुलगी