पॉइंट रेयेसच्या पायऱ्या आणि आईचे गुडघे

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

इथलं, कॅलिफोर्नियातलं, पॉइंट रेयेसचं दीपगृह बघायला जायचं पक्कं झालं. मेमधला पहिला सोमवार. पण एक गोष्ट मी ठरवून टाकली आहे, आई खालपर्यंत उतरणार नाही. आई, रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

वणीच्या गडावर आपण ताज्या दमाने चढतो आणि दर्शन घेऊन उतरतो. इथे सगळं उलटं. आधी ३१३ पायऱ्या उतरायच्या आणि पाय थकले की तेवढ्याच चढायच्या, म्हणजे जवळजवळ तीस मजले. मध्ये टेकायला जागा आहे, पण डोली नाही की रोपवे नाही. आणि उजवा गुडघा उतरतानाच जास्त दुखतो, हे तूच सांगतेस. तुझी हिंमत मला माहीत आहे, प्रश्न फक्त त्या गुडघ्याचा आहे.

एवढं खाली बांधलं त्याला कारण आहे. कड्याचा माथा सहाशे फुटांवर, आणि तिथे धुकं दाटून बसतं. दिवा माथ्यावर ठेवला असता तर जहाजांना दिसलाच नसता. म्हणून निम्म्या उंचीवर खडक फोडून जागा केली. मनोरा जेमतेम ३७ फूट आहे, त्यामुळे वरच्या कट्ट्यावरून तो तुला अख्खा दिसेल. शिवाय त्या दिवसांत करड्या देवमाशांच्या माद्या पिल्लांना घेऊन उत्तरेकडे निघतात, किनाऱ्याच्या अगदी जवळून. पाण्यावर फवारा उडाला की नजर तिथेच ठेव. शेजारी लहान फवारा उडाला तर पिल्लू समज. जावई तुझ्याबरोबर वरच थांबणार आहेत, एकटी अजिबात नसशील.

बाबा, तुम्ही माझ्याबरोबर खाली या, पण डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. ओझरला आयुष्यभर यंत्रं सांभाळलीत, हे तुम्ही बघायलाच हवं. १८६७ साली फ्रान्समध्ये घडवलेलं फ्रेनेल भिंग आहे, म्हणजे दिव्याचा उजेड झोतात एकवटून दूर फेकणारं, काचेचे हजारावर तुकडे पितळी चौकटीत बसवलेले. चोवीस उभे पट्टे, प्रत्येकाचा एक झोत आणि दर पाच सेकंदांनी एक झोत, म्हणजे दोन मिनिटांत भिंगाची एक फेरी. मोटर नव्हती. साधारण ७७ किलोचं वजन हळूहळू खाली उतरायचं आणि दातेरी चाकांवरून भिंग फिरवायचं. दोन तास वीस मिनिटांत वजन तळाला, की राखणदाराने हँडल मारून परत वर घ्यायचं, रात्रभर. १८७० च्या १ डिसेंबरला दिवा लागला. १९०६ च्या भूकंपात इथली जमीन अठरा फूट सरकली, भिंग रुळावरून घसरलं, तरी दिवा बंद राहिला तो फक्त तेरा मिनिटं! १९७५ मध्ये स्वयंचलित दिवा बसला आणि हे भिंग निवृत्त झालं. भिंगाची खोली थोडाच वेळ उघडतात, म्हणून आधी तिथे जाऊ आणि बाकी नंतर बघू.

आता ऐका. नाशिकच्या उन्हातून याल, पण त्या टोकावर मेमध्येही बोचरा वारा असतो. नुसती शाल पुरत नाही, पदर आणि शाल दोन्ही उडतात. आईने पंजाबी ड्रेस आणि कानटोपी, दोघांनी वारा अडवणारं जाकीट आणि मागे पट्टा नसलेल्या चपला घरीच. वारा ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास गेला की पायऱ्या बंद करतात, तसं झालं तर बाबा हिरमुसायचं नाही. मंगळवार ते गुरुवार दीपगृह बंदच असतं, म्हणून सोमवार धरला.

शेवटचा पाऊण तास रस्ता वळणांचा आहे, आईला कसाऱ्यात होतं तसं होईल. पुढच्या सीटवर बस आणि आलेपाक जवळ ठेव. गाडी लावल्यावर साधारण सहा-सातशे मीटर चालायचं आहे, रस्ता गुळगुळीत, थोडा चढ. स्वच्छतागृह वरच उरकायचं. तिकडे फोन लागत नाही, तेव्हा परत भेटायची वेळ आणि जागा आधीच ठरवू.

पांडवलेणीला मी "दमले" म्हटलं की आई, तू पदराच्या गाठीतून खडीसाखर काढून द्यायचीस. बाबांसाठी ती यावेळी माझ्या खिशात असेल.

बाबा, बीपीची गोळी त्या दिवशीही वेळेवर. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, "३१३ पायऱ्या चढायच्या आहेत" असं आकड्यासकट सांगा, आणि रिपोर्टचा फोटो आईने पाठवायचा. बाबा "सगळं छान आहे" म्हणाले, एवढ्यावर मी मानणार नाही.

तुमची,
मनू