पंक्चर काढायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

दुकानावर आले की तुम्ही हात पुसत "बसा मॅडम, चहा सांगतो" म्हणता आणि आभाराचं बोलणं राहूनच जातं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता यावं असं.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. आमच्या वस्त्या-तांड्यांवरच्या कितीतरी मुली त्या सायकलीच्या जोरावर शिकताहेत. पण चाक बसलं की मुलगीही घरी बसते. घरातलं कुणी फाट्यावर जाईल तेव्हा पंक्चर निघणार, आणि सुगीच्या दिवसांत जायला सवड कुणाला? हे मी बोलता बोलता तुमच्या कानावर घातलं, आणि पुढच्याच शनिवारी तुम्ही पंप, घमेलं आणि जुन्या ट्यूबा घेऊन शाळेत हजर! मुली शिकल्या तर गिऱ्हाईक आपलंच कमी होणार, हे तुम्हाला कळत नव्हतं थोडंच.

चाक न काढता टायर एका बाजूनं कसा सोडवायचा, ते तुम्ही दाखवलंत. स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, ट्यूब कापते. घरी चमच्याची दांडी चालते. सगळ्यात आधी व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी बघायची, कारण पुष्कळदा ट्यूब धडधाकट असते आणि हवा तिथूनच जात असते. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हशेजारी टायरवर खडूची खूण करायची. पाण्यात बुडबुडे दिसले की ते भोक व्हॉल्व्हपासून जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर टायरमध्ये काटा शोधायचा. तुम्ही सुती चिंधी टायरच्या आतून हळूहळू फिरवलीत, एका जागी तिचा धागा अडकला आणि तिथून बाभळीच्या काट्याचं टोक निघालं. बाहेरून तर काहीच दिसत नव्हतं. तो काटा तसाच राहिला असता तर नवं ठिगळ गावाच्या वेशीपर्यंतही टिकलं नसतं.

सोल्युशन लावल्यावर मुलींना घाई झाली होती. तुम्ही हात धरलात. "चमक जाऊ दे. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ लागते." मग पॅच मधून कडेकडे दाबत बसवला आणि भोवतीच्या चिकट जागेवर खडूची पूड चोळलीत, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही. खडूंची तर शाळेत काय कमी!

खरी शिकवण मला त्यापुढची वाटते. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काट्याला दोष देऊ नका, हवा कमी होती आणि ट्यूब दगड नि रिम यांच्यात चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर आऱ्याचं टोक टोचतंय, रिमवरचा पट्टा बघा. नसेल तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून घाला. आणि रोज संध्याकाळी चाक फिरवून टायरमध्ये रुतलेले सराटे काढा, कारण काटा एका दमात आत जात नाही, चाकाच्या फेऱ्यांनी थोडा थोडा सरकतो. प्रत्येक पंक्चर कशामुळे झालं हे मुलींनी विचारायला शिकावं, यासाठी तुम्ही जी चिकाटी दाखवलीत ती मी शिक्षिका म्हणून जवळून पाहिली.

आता नववीतली एक मुलगी वस्तीवरच्या सगळ्यांच्या सायकलींची पंक्चर काढते. तिचे वडील परवा शाळेत येऊन हे मोठ्या अभिमानानं सांगून गेले, ते तुमच्यापर्यंत पोचायलाच हवं.

जूनमध्ये आठवीचा नवा वर्ग येईल. पुन्हा याल ना? या वेळी पॅच आणि सोल्युशनचे पैसे मात्र शाळेकडून घ्यावेच लागतील, मुख्याध्यापकांशी माझं तसं बोलणं झालंय. काकूंना नमस्कार.

आपली,
आठवीची वर्गशिक्षिका