तपासणी कुणाची आणि कशासाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘संपूर्ण शरीर तपासणी, घरपोच नमुना संकलन’ अशा जाहिराती आता लातूर, धाराशिवसारख्या शहरांतही जागोजागी दिसतात. कसलाही त्रास नसलेली तिशीतील मंडळी वारंवार रक्त तपासून घेतात आणि मनगटावरील घड्याळात झोप, ठोके व पावले पाहत राहतात. या सवयीला जागरूकता म्हणण्यापूर्वी एक गणित लक्षात घ्यायला हवे.

अहवालातील ‘सामान्य मर्यादा’ बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या मापांवरून ठरलेली असते, त्यामुळे प्रत्येक चाचणीत शंभरातील पाच निरोगी माणसे मर्यादेबाहेर पडणारच. परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाच्या अहवालातही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. मग सोनोग्राफी, पुन्हा रक्त, मोठ्या शहरातील तज्ज्ञांकडे फेऱ्या आणि घरभर धास्ती. दक्षिण कोरियात सोनोग्राफीच्या सरसकट वापरामुळे थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले, आणि शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांच्या मागे आयुष्यभराची गोळी लागली.

नेमक्या तपासणीचे मोल मात्र मराठवाड्याने स्वतः पाहिले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला, ज्यात टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय सहभागी होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू, चाचणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, आठ वर्षांत जवळपास निम्मेच झाले. आपल्याच आयाबहिणींच्या सहभागातून सिद्ध झालेली ही गोष्ट आपल्याकडेच विस्मरणात जावी, याचे मला फार वाईट वाटते.

तीस वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत असावी, अशी राष्ट्रीय कार्यक्रमाची तरतूद आहे. ऊसतोडीसाठी महिनोन्‌महिने गाव सोडणाऱ्या स्त्रियांपर्यंत ती पोहोचवायची, तर शिबिरे त्या कारखान्यांकडे निघण्याआधी त्यांच्याच गावांत भरायला हवीत. आपण आपल्या आरोग्य पुरवणीत तालुकानिहाय केंद्रे आणि तपासणीचे वार नियमित छापावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, धाराशिव